चाळणी, परवाना आणि गुण : येडशी परिसराच्या दृष्टीने वीजउद्योगातील नोकरनिवडीचा इतिहास

१. विषयाची मांडणी

धान्यातील खडे वेचून काढण्याच्या कामास मराठीत 'निवडणे' म्हणतात. नोकरीसाठी आलेल्या अनेक अर्जदारांतून मोजके घेण्याच्या कामासही 'निवडणे' हेच क्रियापद योजले जाते. अर्जांची 'छाननी' होते, तीही मुळात चाळण्याचीच क्रिया होय. 'भरती' हा शब्द रिकाम्या जागेकडे पाहून घडलेला आहे, तर 'पात्र' या संस्कृत शब्दाचा पहिला अर्थ भांडे असा असून, जे दिले जाईल ते सामावून घेण्याची योग्यता हा त्याचा पुढचा अर्थ होय. म्हणजे भरती या शब्दात मालकाची गरज दिसते, पात्रता या शब्दात अर्जदार दिसतो आणि निवड व छाननी या शब्दांत त्या दोघांच्या मधली चाळणी दिसते. घरात तांदूळ निवडणाऱ्या स्त्रीस खडा कोणता आणि दाणा कोणता हे डोळ्यांनी कळते. नोकरीच्या निवडीत मात्र दाणा कोणता हे पुष्कळदा चाळणीच्या छिद्रांवरून ठरते, आणि छिद्रांचे माप कोणी व कशासाठी ठरविले याचा विचार चाळणी हातात धरणारा क्वचितच करतो.

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव होय. रामलिंगाचे स्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात, आणि लातूर-मिरज लोहमार्गावरील स्थानकही येथे आहे. वीजनिर्मितीचे मोठे केंद्र म्हणून या गावाचे नाव घेतले जात नाही. तथापि याच कारणाने प्रस्तुत विषयाच्या अभ्यासास ते सोयीचे आहे. निवडीचे नियम हैदराबादेस, मुंबईस किंवा दिल्लीस तयार झाले; त्यांचा परिणाम अशा गावांतील तरुणांवर झाला. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत येथील तरुणास यंत्राच्या, वाफेच्या आणि विजेच्या कामात शिरावयाचे झाल्यास त्यास कोणत्या चाळण्यांतून जावे लागले, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

निवडीची कोणतीही पद्धत अखेर तीन प्रश्नांवर उभी असते. हा कोणाचा? यास काय येते? याच्याजवळ कोणता कागद आहे? या तिहींपैकी कोणत्या प्रश्नास कोणत्या काळी किती वजन मिळाले, यावरून त्या काळाची न्यायाची कल्पना आणि कामाविषयीची समज या दोन्ही गोष्टी कळून येतात.

२. वाफेची शिडी

या भागात आलेले पहिले मोठे ऊर्जायंत्र म्हणजे वाफेचे इंजिन होय. बार्शी लाइट रेल्वे या अडीच फुटी रुळांच्या मार्गाचा आरंभ १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी असा झाला आणि पुढे घाट चढून हा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. येडशी या मार्गावर आली. इंजिनावर काम करणाऱ्यांची निवड त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वेवर ज्या प्रकारे होई तो प्रकार शिडीचा होता. मनुष्य प्रथम क्लीनर म्हणून लागे. इंजिन पुसणे, राख काढणे, तेल घालणे ही कामे करी. त्यातून फायरमन, मग शंटर आणि शेवटी ड्रायव्हर अशी चढण असे. सिग्नलचा लाल व हिरवा रंग ओळखता यावा म्हणून डोळ्यांची तपासणी कडक असे आणि वरच्या पायरीसाठी नियमांची परीक्षाही होई.

या पद्धतीत खरी छाननी प्रवेशाच्या वेळी फारशी होत नसे. ती पुढे अनेक वर्षे चालत राही. कोळसा किती आणि केव्हा टाकावा, चढावर वाफेचा दाब कसा राखावा, हे ज्यास साधले नाही तो खालच्या पायरीवरच राही. प्रवेश मात्र बहुधा ओळखीचा असे. आधी नोकरीत असलेला बाप, चुलता किंवा गाववाला नव्या माणसाचे नाव पुढे करी. शेजारच्या बार्शीसारख्या गावी कापडाच्या गिरण्या निघाल्या. गिरण्यांत हीच गोष्ट मुकादमाच्या हाती असे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने मजूरभरतीतील मुकादमाच्या सत्तेवर कठोर टीका केली, ती या पद्धतीच्या दुसऱ्या बाजूमुळेच होय. ओळखीवर माणूस घेणाऱ्यास त्याची माहिती अधिक असते हे खरे. परंतु त्या माहितीची किंमत तो नवागताकडून वसूल करतो, हेही तितकेच खरे.

याच काळातील 'उमेदवार' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. उमेद म्हणजे आशा, तिच्यास वार हा फारसी प्रत्यय लागून उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. मोल्सवर्थच्या कोशात तो नोकरीची आस धरून असलेला या अर्थाने आढळतो. कचेरीत बिनपगारी राबावयाचे, हस्ताक्षर आणि वागणूक वरिष्ठांच्या नजरेस पडू द्यावयाची आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, यास 'उमेदवारी करणे' म्हणत. कामाची ओळख, माणसाची पारख आणि त्याची पिळवणूक या तिन्ही गोष्टी या एका शब्दात एकत्र नांदत होत्या. पुढील काळात वीजउद्योगाने हा शब्द पुन्हा उचलला, तेव्हा त्याचा जुना गुणधर्मही त्याबरोबर आला, असे पुढे दिसून येईल.

३. मुलकी आणि भाषा

१९४८ पर्यंत येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, तर बार्शी ब्रिटिश मुलुखातील सोलापूर जिल्ह्यात होती. सरकारी नोकरीच्या दृष्टीने या दोन गावांमधील सीमा फार मोठी होती. १९१९ च्या फर्मानाने हैदराबादच्या सरकारी नोकऱ्यांत 'मुलकी' असण्याची अट दृढ झाली. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, अथवा किमान १५ वर्षे तेथे कायम वास्तव्य करून परत जाण्याचा विचार सोडलेला मनुष्य मुलकी मानला जाई. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या लोकांपुढे स्थानिक तरुण टिकत नाहीत, ही या नियमामागील भावना होती. 'हा कोणाचा?' या प्रश्नास येथे प्रथमच लेखी आणि कायदेशीर रूप मिळाले.

नियमाने येडशीच्या तरुणास मुलकी ठरविले. पण त्यामुळे त्याची वाट मोकळी झाली नाही. संस्थानची राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई आणि त्यासाठी भाषांतर खात्याने शास्त्रीय परिभाषा घडविली होती. विजेस 'बर्क' हा अरबी शब्द रूढ होता. त्याचा मूळ अर्थ आकाशातली वीज. मराठीतील 'वीज' आणि संस्कृतातील 'विद्युत्' यांचा प्रवासही तंतोतंत तसाच झालेला आहे. कल्पना एकच असून शब्द मात्र वेगळा, आणि तो शब्द न येणाऱ्यास तांत्रिक शिक्षणाचे दार बंद. राजधानीत हुसेनसागराच्या काठी १९२० च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, त्या वेळी मराठी मुलुखातील खेड्यातल्या मुलास तेथवर पोहोचण्यासाठी आधी भाषा बदलावी लागत होती. भाषा ही चाळणी म्हणून कोठेही जाहीर केलेली नसते. तरीही ती सर्वांत बारीक छिद्रांची चाळणी असते, याचा हा ठळक दाखला होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी नोकरीतील वास्तव्याच्या अटी, तेलंगणासारखे काही अपवाद सोडून, रद्द केल्या. मुलकीचे संरक्षण संपले, त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या शिक्षणसंस्थांतून शिकून निघालेल्यांशी स्पर्धा सुरू झाली. पुण्यातील अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १८५४ पासूनची, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेची १८८७ पासूनची. मराठवाड्याचे विद्यापीठच मुळी १९५८ मध्ये निघाले. हे अंतर ओळखूनच १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्यांत मराठवाड्यास लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कबूल करण्यात आले होते, आणि संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदात तांत्रिक शिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्यसेवेतील नोकऱ्या यांच्या समन्यायी संधीचा उल्लेख आला. तांत्रिक शिक्षण आणि नोकरी यांची सांगड संविधानाच्या एकाच वाक्यात घातली गेली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रशिक्षणाची सोय नसताना केवळ निवडीची समानता देणे व्यर्थ होय, हे त्या शब्दयोजनेत गृहीत आहे.

४. परवाना : कागदामागे हात

विजेच्या कामात चुकीची किंमत तत्काळ द्यावी लागते. म्हणून या उद्योगात 'यास काय येते?' हा प्रश्न शासनाने स्वतःकडे घेतला. तत्पूर्वी वाफेच्या बाबतीत हे झालेच होते. १९२३ च्या बॉयलरविषयक कायद्याखाली बॉयलर सांभाळणाऱ्यास प्रमाणपत्र आवश्यक ठरले होते, आणि या जिल्ह्यात पुढे साखर कारखाने निघाले तेव्हा तेथे 'बॉयलर अटेंडंट' हा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र असलेलाच लागे. विजेच्या बाबतीत १९१० चा कायदा आणि त्याखालील १९५६ ची नियमावली यांनी हे तत्त्व रूढ केले. नियम ४५ अन्वये ग्राहकाकडील वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावयाचे होते. वायरमन हा शब्द खेड्यापाड्यांत रुजला तो या परवान्यामुळे. परिभाषाकारांनी त्यास 'तारतंत्री' आणि इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री' असे प्रतिशब्द दिले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फलकांवर ते आजही आहेत. बोलण्यात मात्र वायरमनच राहिला.

परवान्याचे वैशिष्ट्य असे की, तो देण्यापूर्वी उमेदवारास प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागे आणि तोंडी प्रश्नांस उत्तरे द्यावी लागत. कागद हा येथे हाताच्या कौशल्याचा साक्षीदार होता. परंतु या व्यवस्थेत एक भेद होता, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. परवान्याची सक्ती ग्राहकाच्या घरातील वा कारखान्यातील जोडणीस होती. वीज पुरविणाऱ्या मंडळाच्या स्वतःच्या तारांवर कोणी काम करावे, हे त्या संस्थेने ठेवलेल्या अधिकृत व्यक्तींच्या यादीवरून ठरे. म्हणजे घरात दिव्याचे बटण बसविणाऱ्याची परीक्षा शासन घेई, आणि अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर चढणाऱ्याची पारख त्याचा मालकच करी. मालक दक्ष असेल तेथे ही पारख उत्तम होई. माणसे कमी आणि तक्रारी फार अशी स्थिती आली की ती सैल होई.

५. मंडळ, नोंदणी आणि रोजंदारी

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली मुंबई राज्याचे वीज मंडळ १९५४ मध्ये स्थापन झाले आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. खेडोपाडी वीज नेण्याचे काम प्रचंड होते. खड्डे खोदणे, खांब उभे करणे, तारा ओढणे यांसाठी माणसे लागत आणि ती जागच्या जागी रोजंदारीवर घेतली जात. अशा कामावर आलेला तरुण आधी खड्डा खणी, मग खांबाला हात लावी, मग लाइनमनच्या हाताखाली मदतनीस होई. वाफेच्या काळातील शिडीच या रूपाने पुन्हा उभी राहिली होती.

याच सुमारास निवडीची दुसरी, कागदी व्यवस्था आकार घेत होती. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे सक्तीचे झाले. जिल्ह्याच्या गावी जाऊन नाव नोंदवावयाचे, कार्डाचे वेळच्या वेळी नूतनीकरण करावयाचे आणि नाव 'निघण्याची' वाट पाहावयाची, ही एका पिढीची रीत झाली. नोंदणीच्या ज्येष्ठतेचा या पद्धतीत मोठा मान होता. तिच्यात कौशल्याची परीक्षा नव्हती, पण वशिल्याला काहीसा आळा होता. कारण रांग लिहिलेली होती. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असा निर्णय दिला आणि रांगेचे महत्त्व ओसरले.

रोजंदारी आणि नोंदणी या दोन वाटांमध्ये ताण होता. काम येत असलेला मनुष्य रोजंदारीत होता. हक्क असलेला मनुष्य रांगेत होता. दोघांपैकी कायम जागा कोणास द्यावी? मंडळांनी व सरकारांनी अनेक वर्षे कधी एकास तर कधी दुसऱ्यास झुकते माप दिले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी आला, तो या पार्श्वभूमीवर. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण आणि तांत्रिक शिक्षण या दोन्हींचा अनुशेष स्वतंत्रपणे मांडला. वीज न पोहोचलेल्या गावात विजेचे काम शिकलेला तरुण निर्माण होणे कठीण, आणि असा तरुण नसल्यास नोकरी बाहेरचा नेणार, हे दुष्टचक्र त्या आकड्यांच्या मागे होते.

१० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात, जाहिरात व खुली स्पर्धा टाळून मागच्या दाराने घेतलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांस कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरविले. तत्पूर्वी एका वर्षाने, ६ जून २००५ रोजी, मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या होत्या. या दोन घटनांनी रोजंदारीतून कायम होण्याची शिडी जवळजवळ काढून घेतली. तथापि वाहिन्यांवरील काम थांबले नाही. ते आता ठेकेदारामार्फत आलेला कंत्राटी कामगार करू लागला. न्यायाच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय होता. कारण जाहिरात न पाहिलेल्या हजारोंचा हक्क त्याने राखला. परंतु काम जाणणारा आणि जागा मिळविणारा यांच्यातील दरी त्याने अधिक रुंद केली, हेही नाकारता येत नाही.

६. शिकाऊ उमेदवार

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. 'शिकाऊ उमेदवार' या संज्ञेत जुन्या उमेदवाराचा पुनर्जन्म झाला. फरक असा की त्यास विद्यावेतन मिळू लागले आणि मुदत ठरली. जुनी अनिश्चितता मात्र टिकून राहिली, कारण कायद्याच्या कलम २२ ने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातले नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाचे प्रमाणपत्र घेऊन, उपकेंद्रात अथवा शाखा कार्यालयात एक वर्ष काम शिकून तरुण बाहेर पडे, तो पुन्हा अर्जदार होऊनच.

या प्रश्नावर १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास थेट उमेदवारापेक्षा पसंती द्यावी. पुढे २००० मध्ये त्याच राज्यातील वीज मंडळाच्या शिकाऊ उमेदवारांविषयी हेही स्पष्ट झाले की, या पसंतीमुळे नियमानुसार ठरलेल्या परीक्षेतून सुटका होत नाही. 'इतर बाबी समान असतील तर' या चार-पाच शब्दांवर सारे अवलंबून राहिले. गुणांच्या यादीत दोन उमेदवार अगदी समान येणे दुर्मिळच. त्यामुळे पसंती कागदावर राहिली आणि शिकाऊ उमेदवारांसाठी काही जागा वेगळ्या ठेवणे हाच व्यवहार्य उपाय ठरला. वीज कंपनीच्या जाहिरातींत प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक, खेळाडू यांच्याबरोबर शिकाऊ उमेदवारांचाही रकाना दिसतो तो यामुळे. त्याच तक्त्यात 'भूकंपग्रस्त' हाही रकाना असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, त्याची ही नोंद होय. 'हा कोणाचा?' या जुन्या प्रश्नाने येथे 'याचे काय हरपले?' असे माणुसकीचे रूप घेतले आहे.

७. दहावीचे गुण

विभाजनानंतर वितरण कंपनीने खालच्या तांत्रिक पायरीस 'विद्युत सहायक' असे नाव दिले. निवड झालेला तरुण ठराविक मानधनावर तीन वर्षे काम करतो आणि त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित होतो. २०१९ मध्ये ५,००० विद्युत सहायकांची व २,००० उपकेंद्र सहायकांची जाहिरात निघाली. विद्युत सहायकासाठी वीजतंत्री अथवा तारतंत्री प्रमाणपत्र आवश्यक होते. पण पात्र ठरलेल्यांची क्रमवारी दहावीच्या गुणांवर लावण्यात आली.

या निर्णयामागील तर्क समजण्यासारखा आहे. दहावीची परीक्षा साऱ्या राज्यात होते, तिचे गुण मंडळाच्या दप्तरी असतात, त्यांत स्थानिक अधिकाऱ्यास हात घालता येत नाही. भ्रष्टाचाराच्या शक्यतेपासून निवड दूर ठेवण्याचा हा सोपा मार्ग होता. परंतु इतिहास व मराठी, बीजगणित व विज्ञान यांतील सोळाव्या वर्षीचे गुण आणि पावसात, अंधारात, रोहित्राजवळ उभे राहून वाहिनी खरोखर बंद आहे की नाही हे पारखण्याचे भान, यांचा संबंध काय? ज्यास दहावीत कमी गुण मिळाले म्हणून तो प्रशिक्षण संस्थेत गेला आणि तेथे उत्तम कारागीर झाला, त्याचे नंतरचे सारे शिक्षण या क्रमवारीत निरुपयोगी ठरले. आठ-दहा वर्षे कंत्राटावर काम केलेल्याचा अनुभवही मोजला गेला नाही. कंत्राटी कामगारांच्या संघटना भरतीत अनुभवाचे गुण व वयाची सवलत मागत आल्या, त्याचे मूळ येथे आहे. याच भरतीस मराठा आरक्षणाच्या प्रश्नाचाही फटका बसला. ५ मे २०२१ च्या निर्णयाने ते आरक्षण रद्द झाल्यावर त्या प्रवर्गातून आलेल्या उमेदवारांचे भवितव्य अधांतरी झाले. चाळणी चालू असतानाच तिची छिद्रे बदलली, तर दाण्याने काय करावे?

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : अंगची चांगली शक्ती आणि परीक्षेत मिळालेला आकडा. पहिला अर्थ प्राचीन, दुसरा शालेय परीक्षांबरोबर रूढ झालेला. 'गुणवत्ता यादी' या संज्ञेत दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली. भाषेतील हा बदल निरुपद्रवी वाटतो. परंतु आकड्यास शक्ती समजण्याची सवय त्यातून बळावते.

डिसेंबर २०२३ मध्ये ५,३४७ विद्युत सहायकांची जी जाहिरात निघाली तीत संगणकावरील परीक्षेची पद्धत स्वीकारण्यात आली. व्यवसायज्ञानाबरोबर तर्कशक्ती, अंकगणित व मराठी यांचे प्रश्न तीत योजिले. केवळ दहावीच्या गुणांपेक्षा ही पद्धत निश्चित पुढची होय, कारण तिच्यात निदान विजेविषयी प्रश्न विचारला जातो. तथापि पर्यायातून उत्तर निवडणे आणि हातांनी काम करणे यांत अंतर राहतेच. जुन्या हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या तेलंगणात कनिष्ठ लाइनमनसाठी लेखी परीक्षेनंतर खांबावर चढून दाखविण्याची परीक्षा घेतली जाते. ती परीक्षा देण्याचा हक्क स्त्रियांनाही न्यायालयीन लढ्यानंतर मिळाला आणि त्यांनी ती उत्तीर्ण करून दाखविली. प्रत्यक्ष कामाची परीक्षा दुर्बलांना वगळते, या समजुतीस यामुळे छेद जातो. परीक्षा कामाची असेल तर काम करू शकणारा कोणीही तीतून पार पडतो. वगळण्याचे काम पुष्कळदा परीक्षेआधीची अट करते.

८. शब्दांची नवी चाळणी

अभियंत्यांच्या पायरीवर चित्र निराळे आहे. केंद्रीय वीज कंपन्या पदवीनंतरच्या 'गेट' या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर प्राथमिक निवड करू लागल्या. सोलापूरजवळ राष्ट्रीय औष्णिक महामंडळाचे १,३२० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथील अभियंत्याची निवड आणि त्याच आवारात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या वीजतंत्र्याची निवड यांत कसलेही साम्य नाही. पहिली देशव्यापी गुणांवर होते, दुसरी ठेकेदाराच्या परिचयावर.

धाराशिव व बीड या जिल्ह्यांच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत आणि सौर प्रकल्पही येत आहेत. येथील नोकऱ्या मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या व त्यांच्या उपठेकेदारांच्या आहेत. उंचीवर काम करण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, 'सूर्यमित्र' योजनेसारखे अल्पकालीन अभ्यासक्रम आणि इंग्रजीत लिहिलेला परिचयपत्रक ही नवी साधने झाली. मोठ्या कंपन्यांत हे परिचयपत्रक प्रथम मनुष्य वाचीत नाही. संगणकाची आज्ञावली त्यातील ठराविक शब्द शोधते, आणि ते आढळले नाहीत तर अर्ज पुढे सरकत नाही. येडशीच्या तरुणाने डीपीवरील फ्यूज शंभर वेळा बसविले असतील, झंपर जोडले असतील, परमिट घेऊन वाहिनी बंद केली असेल. परंतु ही त्याची भाषा त्या आज्ञावलीस कळत नाही. तिला हवे असलेले इंग्रजी शब्दप्रयोग त्यास ठाऊक नसतात. उर्दूच्या काळी जे घडले त्याचीच ही नवी आवृत्ती होय. ज्ञान असते, पण ते ज्या शब्दांत सांगितले असता मोजले जाते ते शब्द परके असतात.

उलट दिशेचा एक प्रयत्नही नोंदविला पाहिजे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने लहान गावांसाठी 'ग्रामविद्युत व्यवस्थापक' ही योजना आणली. गावातीलच प्रशिक्षित तरुण ग्रामपंचायतीने निवडावा, अशी तीतील कल्पना होती. निवडणारे निवडल्या जाणाऱ्यास ओळखतात, हा जुन्या पद्धतीचा लाभ तीत होता. आणि गावातील गटातटांचे राजकारण निवडीत उतरण्याचा जुना धोकाही होता.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. गेल्या शतकात निवडीचा भर 'हा कोणाचा?' या प्रश्नाकडून 'याच्याजवळ कोणता कागद आहे?' या प्रश्नाकडे सरकला. यात न्यायाचा लाभ निःसंशय झाला. मुकादमाची कृपा, गाववाल्याची शिफारस, अधिकाऱ्याचा वशिला यांचे बळ कमी झाले, आणि ज्यांच्या घरात कोणी नोकरीत नव्हते अशांच्या मुलांना प्रथमच दार उघडे झाले. हा लाभ गमावण्याचा विचारही करता कामा नये.

मात्र मधला प्रश्न, 'यास काय येते?', हा या प्रवासात मागे पडला. परवान्याच्या पद्धतीत त्यास उत्तर होते, कारण तेथे कागदापूर्वी हात तपासला जाई. दहावीच्या गुणांच्या यादीत त्यास उत्तर नव्हते. परिणाम असा झाला की, कामाचे ज्ञान कंत्राटी माणसाजवळ साठत गेले आणि कामाची जागा यादीतील माणसाकडे गेली. विजेच्या कामात ही विभागणी केवळ अन्यायाची राहत नाही, ती जिवावरची ठरते. खांबावर चढलेल्यास त्याचा दहावीचा आकडा वाचवीत नाही. आणि ज्यास काम येते त्याच्याजवळ विम्याचे, निवृत्तिवेतनाचे व कायम नोकरीचे कवच नसते.

न्याय आणि कौशल्य यांतील हा विरोध अटळ मानण्याचे कारण नाही. परवान्याच्या परीक्षेने, शिडीने आणि शिकाऊ उमेदवारीने तो वेगवेगळ्या काळी अंशतः सोडविला होता. जाहिरात सर्वांसाठी खुली ठेवून, प्राथमिक छाननी व्यवसायज्ञानावर करून, अखेरची क्रमवारी परिसराबाहेरील परीक्षकांसमोर, उमेदवाराच्या भाषेत घेतलेल्या प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेवर लावणे, आणि कंत्राटावरील वर्षांना त्यात मोजता येईल असे स्थान देणे, यांत तत्त्वतः अशक्य असे काही नाही. खर्च आणि वेळ अधिक लागेल, एवढेच. धान्य निवडण्यासही वेळ लागतोच. मराठीने या कामास चाळण्यापेक्षा निवडण्याचे क्रियापद अधिक जवळचे मानले, त्यात हाताने आणि डोळ्यांनी पारखण्याचा अर्थ आहे. नोकरभरतीच्या व्यवस्थेने शब्द उचलला. त्यातील पारख उचलणे अद्याप राहिले आहे.